धन्वंतरी महालाची नोंदवही



तंजावरच्या सरकारी रुग्णालयातील बाह्यरुग्ण विभागासमोर सकाळच्या वेळी उभे राहिले, तर एक दृश्य हमखास दृष्टीस पडते. कावेरीच्या खोऱ्यातील एखाद्या खेड्यातून पहाटेची बस धरून आलेला वृद्ध शेतकरी रांगेत बसलेला असतो. त्याच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी असते आणि तिच्यात घड्या पडून जीर्ण झालेले कागद असतात : जुन्या चिठ्ठ्या, रक्त-लघवीच्या तपासण्यांचे निकाल, क्ष-किरणांची फिल्म, एखाद्या खाजगी इस्पितळाचे बिल आणि विमा योजनेचे कार्ड. पाळी आली म्हणजे तो ती पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर रिकामी करतो. डॉक्टरांच्या हाती दोन-तीन मिनिटांहून अधिक वेळ नसतो. त्या कागदांतून माणूस शोधायचा, की समोरच्या माणसाकडे पाहून कागद बाजूला सारायचे, याचा निर्णय तेवढ्यात व्हावयाचा असतो.

वैद्यकव्यवसायापुढील आजच्या आव्हानांचा विचार करताना यंत्रे, विमा, कायदा, खाजगी भांडवल आणि रुग्णालयांतील मारहाण अशी एक लांबलचक यादी सहज मांडता येईल. ही सर्व आव्हाने खरी आहेत. परंतु त्या सर्वांच्या मुळाशी जाणारा प्रश्न या कागदांच्या पिशवीत दडलेला आहे. रोग्याची नोंद कोणासाठी ठेवली जाते? रोग्याच्या हितासाठी, डॉक्टरच्या ज्ञानासाठी, की न्यायालय, विमा कंपनी आणि हिशेबनीस यांच्यासाठी? या प्रश्नाचा विचार तंजावरात करणे विशेष उचित ठरेल. कारण सुमारे दोनशे वर्षांपूर्वी येथील एका मराठी राजाने रोग्यांच्या काही नोंदी मोठ्या आस्थेने ठेवविल्या आणि सुदैवाने त्या आजही उपलब्ध आहेत.

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरला भोसले घराण्याची सत्ता स्थापन केली. या घराण्यातील सरफोजी राजे (दुसरे) यांचा जन्म १७७७ साली झाला. तुळजाजी राजांनी १७८७ साली त्यांना दत्तक घेतले. परंतु तुळजाजींच्या मृत्यूनंतर गादीचा वाद उपस्थित होऊन तरुण सरफोजींना काही काळ मद्रासेस राहावे लागले. श्वार्त्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. १७९८ साली त्यांना गादी मिळाली खरी, परंतु लगेच पुढील वर्षी झालेल्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला. तंजावरचा किल्ला, त्याच्या आसपासचा थोडा मुलूख आणि कंपनीकडून मिळणारी वार्षिक रक्कम एवढेच राजाकडे उरले. सैन्य नाही, महसूल नाही, न्यायनिवाडा नाही, अशा अवस्थेत सापडलेले अनेक संस्थानिक शिकारीत आणि मेजवान्यांत बुडून गेले. सरफोजी राजांनी मात्र उरलेले आयुष्य विद्येकडे वळविले. सरस्वती महाल ग्रंथालयाचा त्यांनी केलेला विस्तार, त्यांच्या छापखान्यातून निघालेली देवनागरी पुस्तके आणि बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर १८०३ साली कोरविलेला भोसले कुळाचा विस्तृत मराठी इतिहास या गोष्टी मराठी वाचकांस ठाऊक आहेत. त्यांनी वैद्यकात घेतलेला रस त्यामानाने कमी परिचित आहे.

या कामासाठी त्यांनी धन्वंतरी महाल नावाची संस्था चालविली. तेथे आयुर्वेदाचे वैद्य होते, तमिळ सिद्ध परंपरेचे जाणकार होते, युनानी हकीम होते आणि पाश्चात्त्य वैद्यकाची माहिती असलेली माणसेही होती. औषधे तयार केली जात, माणसांप्रमाणेच जनावरांवरही उपचार होत, वनस्पतींची चित्रे काढून ठेवली जात. कोणत्या रोगावर कोणते औषध गुणकारी ठरले याच्या नोंदी जमवून त्यांतून योगांचा संग्रह करण्यात आला, आणि तो लोकांच्या मुखी राहावा म्हणून तमिळ पद्यात बांधण्यात आला. शरभेंद्र हे सरफोजींचेच नाव. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा हा 'शरभेंद्र वैद्य मुरैगळ' संग्रह विसाव्या शतकात सरस्वती महाल ग्रंथालयाने रोगवार भाग पाडून छापला. त्यांतील एक भाग मधुमेहाच्या उपचारांचा आहे, ही गोष्ट आज लक्षात ठेवण्याजोगी आहे.

या संस्थेचे वैशिष्ट्य केवळ निरनिराळ्या पद्धती एका छपराखाली आणण्यात नव्हते. औषध ग्रंथात सांगितले आहे किंवा परदेशातून आले आहे एवढ्यावर त्याचे महत्त्व ठरू नये, ते रोग्यास लागू पडले की नाही हे पाहावे, अशी दृष्टी तेथे होती. औषधशास्त्राच्या आजच्या कसोट्या त्या काळी अस्तित्वात नव्हत्या. तुलनेसाठी रोग्यांचे दोन गट करणे, आकडेमोडीने परिणाम तपासणे या गोष्टी सर्वमान्य रीत म्हणून फार पुढे रूढ झाल्या. तथापि, अनुभव लिहून ठेवल्याखेरीज तो पारखता येत नाही, हे मूळ तत्त्व धन्वंतरी महालाने ओळखले होते.

या दृष्टीचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे नेत्ररोग्यांच्या नोंदी होत. सरस्वती महालाच्या संग्रहात डोळ्यांच्या रोग्यांची इंग्रजीत लिहिलेली टिपणे आणि त्यांच्यासोबत डोळ्यांची रंगीत चित्रे सापडली आहेत. चेन्नईच्या नेत्रतज्ज्ञांनी त्यांचा अभ्यास करून २०१२ साली निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा वैद्यकीय जगाचे लक्ष तिकडे वेधले गेले. रोग्याचे नाव, त्याची तक्रार, डोळ्याची स्थिती, केलेला उपचार आणि त्याचा परिणाम अशा क्रमाने ही टिपणे लिहिलेली आहेत. त्यांत मोतीबिंदूचे रोगी पुष्कळ आहेत. त्या काळी मोतीबिंदूवर दोन प्रकारचे उपचार जगात प्रचलित होते. सुश्रुताने वर्णिलेल्या जुन्या पद्धतीत सुईसारख्या शस्त्राने गढूळ झालेले नेत्रभिंग दृष्टीच्या मार्गातून खाली लोटीत. दुसऱ्या पद्धतीत भिंग डोळ्याबाहेर काढीत. ही रीत दाव्हिएल या फ्रेंच शल्यचिकित्सकाने अठराव्या शतकाच्या मध्यास रूढ केली होती. भूल देण्याची विद्या तेव्हा अवगत नव्हती आणि जंतूंची कल्पनाही कोणास नव्हती. अशा काळात डोळ्यावर शस्त्र चालवून नंतर त्याचा परिणाम कागदावर उतरविणे, याला धैर्य लागत असे. परिणाम लिहावयाचा म्हटले म्हणजे अपयशही लिहावे लागते.

या टिपणांतील चित्रांकडे पाहताना आणखी एक गोष्ट जाणवते. चित्रकाराने रोग रंगविला आहे, परंतु तो कोणाच्या तरी डोळ्यातला रोग आहे. प्रत्येक नोंदीस एक नाव आहे. दोनशे वर्षांपूर्वीच्या सामान्य माणसाचे नाव सहसा दोनच ठिकाणी टिकून राहते : सारावसुलीच्या दप्तरात नाहीतर गुन्ह्याच्या दप्तरात. येथे ते त्याच्या दुखण्यामुळे आणि त्याच्यावर झालेल्या उपचारामुळे टिकले आहे.

राजवाड्यातील ही नोंदवही आणि राजवाड्याबाहेरची व्यवस्था यांचा संबंध समजण्यासाठी तंजावरच्या छत्रांची माहिती करून घेतली पाहिजे. रामेश्वराच्या वाटेवर भोसले राजांनी आणि राण्यांनी यात्रेकरूंसाठी अन्नछत्रे बांधली होती. ओरत्तनाड येथील मुक्तांबा छत्र हे सरफोजींच्या काळचे. ही छत्रे कंपनीच्या ताब्यात जाऊ नयेत म्हणून सरफोजींनी १८०१ साली तंजावरचे रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना एक पत्र लिहिले. छत्रांत काय चालते याचा तपशील त्या पत्रात आहे. तेथे येणाऱ्या सर्वांना अन्न मिळते. रोग, सूज आणि सर्पदंश यांवर उपचार करणारे वैद्य नेमलेले आहेत. प्रवासात कोणी आजारी पडला तर तो बरा होईपर्यंत त्याला औषध आणि पथ्याचे जेवण दिले जाते. गरोदर स्त्री आली तर तिचे बाळंतपण केले जाते आणि पुढे तीन महिनेपर्यंत तिला तेथे राहू दिले जाते. प्रवाशांची पोरकी झालेली मुले शिक्षकाच्या स्वाधीन करून सांभाळली जातात. आणि कोणी तेथेच मरण पावला, तर त्याच्या जातीच्या रीतीप्रमाणे त्याचा अंत्यविधी केला जातो. राज्य गेल्याचे दुःख सोसता येईल, परंतु छत्रे गेली तर प्रजेपुढे मान खाली घालावी लागेल, असा त्या पत्राचा सूर आहे.

या चित्रास अर्थात दुसरीही बाजू आहे. छत्रांत पंगती जातीप्रमाणे बसत. धन्वंतरी महालात ज्यांच्यावर उपचार झाले, त्यांच्यापेक्षा ज्यांच्यापर्यंत कोणताच वैद्य पोहोचला नाही, अशांची संख्या कितीतरी पटींनी मोठी असली पाहिजे. देवी आणि पटकी यांच्या साथी तेव्हा गावेच्या गावे ओस पाडीत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ही सारी व्यवस्था एका माणसाच्या आवडीवर आणि त्याच्या खजिन्यावर उभी होती. सरफोजी राजे १८३२ साली निवर्तले. त्यांचे पुत्र शिवाजी राजे १८५५ साली पुरुषवारसावाचून मरण पावताच कंपनीने राज्य खालसा केले. ग्रंथालय टिकले, १९१८ साली ते सर्वांस खुले झाले. परंतु रोग्यांच्या नोंदी ठेवण्याची परंपरा खंडित झाली. ज्ञान पोथीत राहिले आणि रोगी दारात राहिला. आश्रयदाता गेला म्हणजे संस्था जाते, हा धडा त्यातून मिळाला.

पुढच्या काळाने हा धडा निराळ्या रीतीने गिरविला. तंजावरच्या जुन्या सरकारी रुग्णालयाचे राजा मिरासदार हे नावच सांगते, की राजघराणे आणि जमीनदार मिरासदार यांच्या दानातून ते उभे राहिले. १९६०च्या आगेमागे येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. राजाच्या दयेची जागा नागरिकाच्या हक्काने घ्यावी, अशी ही वाटचाल होती. मद्रास इलाख्यात १९३९ साली सार्वजनिक आरोग्याचा स्वतंत्र कायदा झाला. साथी आटोक्यात ठेवणे, पाणी आणि गटारे यांवर नजर ठेवणे यांसाठी वेगळा प्रशिक्षित अधिकारीवर्ग पुढे तमिळनाडूत टिकून राहिला. इतर पुष्कळ राज्यांत तो रुग्णालयांच्या कारभारात विरघळून गेला. छत्रातील बाळंतिणीची सोय ही राजाची पुण्याई होती. आज तमिळनाडूत जवळजवळ सर्वच बाळंतपणे रुग्णालयांत किंवा आरोग्य केंद्रांत होतात, आणि गरीब गरोदर स्त्रियांना पैशाच्या रूपाने साहाय्य देणारी योजना डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाने चालते. पुदुकोट्टैसारख्या शेजारच्या संस्थानात जन्मलेल्या या बाईंनी १९१२ साली मद्रासेत वैद्यकीय पदवी घेतली, हेही येथे आठवावे.

औषधांच्या पुरवठ्याबाबतही असाच बदल झाला. तमिळनाडू शासनाने १९९४ साली औषध खरेदीसाठी एक स्वतंत्र महामंडळ स्थापन केले. त्यापूर्वी कोठे औषधांचे ढीग मुदत संपून पडलेले असत, तर कोठे साध्या गोळ्याही नसत. महामंडळाने निविदा मागवून मूळ रासायनिक नावांची औषधे घाऊक घेण्यास आरंभ केला, जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे उभारली, आलेल्या प्रत्येक मालाचे नमुने प्रयोगशाळेत तपासण्याची रीत घातली आणि प्रत्येक रुग्णालयास बँकेच्या पासबुकासारखे पुस्तक दिले. वर्षाची रक्कम त्यात लिहिलेली असे, आणि आपल्या गरजेप्रमाणे औषध उचलण्याची मुभा रुग्णालयास असे. हीदेखील एक नोंदवहीच होय. केरळ, राजस्थान इत्यादी राज्यांनी पुढे हाच मार्ग स्वीकारला. औषध फुकट देण्यापेक्षा ते वेळेवर आणि खात्रीचे देणे अधिक कठीण असते, आणि ते केवळ चोख हिशेबाने साधते, असे या अनुभवाने दाखवून दिले.

मग आजची अडचण नेमकी कोठे आहे? पहिला बदल रोगांतच झाला आहे. पूर्वीचा रोगी तापाने किंवा हगवणीने आजारी पडे. तो आठ-पंधरा दिवसांत बरा होई किंवा मरे. आजचा रोगी मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार घेऊन तीस वर्षे जगतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने भारतातील मधुमेही माणसांची संख्या दहा कोटींहून अधिक असल्याचे दाखविले. अशा रोग्याला एकदाच भेटून भागत नाही. त्याची मागची साखर, मागचे औषध, मागची तक्रार ठाऊक असणारा कोणीतरी लागतो. म्हणजे पूर्वी कधी नव्हती एवढी नोंदीची गरज आज आहे. आणि नेमक्या अशा वेळी रोगी चार ठिकाणी फिरतो, प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर निघतो आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ बसत नाही. तमिळनाडूने २०२१ साली रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या रोग्यांना घरपोच औषधे देण्याची योजना आखली, ती याच गरजेतून. गावातील प्रशिक्षित स्त्री दारात येऊन रक्तदाब मोजते आणि वहीत लिहिते. धन्वंतरी महालातील टिपणाशी हिचे नाते आहे.

दुसरा बदल पैशाच्या वाटेत झाला. चेन्नईत १९८३ साली खाजगी कंपनीच्या मालकीचे पहिले मोठे रुग्णालय उघडले, तेव्हापासून रुग्णसेवेत भांडवल ओतले जाऊ लागले. त्यातून उत्तम यंत्रसामग्री आली, परदेशी जाऊ पाहणारे कुशल डॉक्टर देशात राहिले, हे मान्य केले पाहिजे. पुढे २००९ साली तमिळनाडू शासनाने आणि २०१८ साली केंद्र शासनाने गरिबांच्या मोठ्या उपचारांचा खर्च विम्यातून देण्यास आरंभ केला. शस्त्रक्रियेपायी शेत विकण्याची पाळी अनेक कुटुंबांवरून टळली. परंतु विमा मुख्यतः भरतीचे पैसे देतो. रोज घ्यावयाच्या गोळीचे आणि डॉक्टरने समजावून सांगण्यात घालविलेल्या अर्ध्या तासाचे पैसे तो सहसा देत नाही. ज्या कामाचे पैसे मिळतात ते काम वाढते. त्यामुळे केसपेपरावरील भाषा हळूहळू बदलते. रोग्याला काय झाले यापेक्षा विम्याच्या यादीतील कोणत्या क्रमांकात तो बसतो, याकडे लिहिणाऱ्याचे लक्ष जाते. डॉक्टर अप्रामाणिक असतो म्हणून हे घडत नाही. कागदाचा वाचक बदलतो म्हणून घडते.

तिसरा वाचक न्यायालय होय. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली निर्णय दिला, की मोबदला घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते. रोग्याला दाद मागण्यासाठी एक दार उघडले गेले, आणि ते आवश्यक होते. २००५ साली त्याच न्यायालयाने स्पष्ट केले, की डॉक्टरवर फौजदारी खटला भरण्यासाठी साधी चूक पुरेशी नाही, निष्काळजीपणा घोर स्वरूपाचा असला पाहिजे. या दोन निर्णयांमध्ये कायद्याने समतोल राखण्याचा प्रयत्न केला. व्यवहारात मात्र अनेक डॉक्टर भीतीपोटी अधिक तपासण्या लिहून देतात, अवघड रोगी पुढच्या रुग्णालयाकडे धाडतात, आणि केसपेपरावर जे लिहिले जाते ते उद्या वकिलाने वाचले तर कसे दिसेल याचा विचार करून लिहितात. सरफोजींच्या काळी अपयश लिहिले, तर त्यातून पुढच्या वैद्यास शिकता येई. आज अपयश लिहिणे म्हणजे आपल्याविरुद्ध साक्ष देणे, असे वाटू लागले आहे. वैद्यकाच्या दृष्टीने ही सर्वांत मोठी हानी होय. कारण लपविलेल्या चुकीतून कोणीच शहाणे होत नाही.

अविश्वासाचे टोक हिंसेत दिसते. मार्च २०१७ मध्ये धुळे येथे एका निवासी डॉक्टरला जमावाने मारहाण केली आणि महाराष्ट्रभरचे निवासी डॉक्टर कामापासून दूर राहिले. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यात कामावर असलेल्या एका तरुण डॉक्टर स्त्रीवर बलात्कार करून तिचा खून करण्यात आला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय व्यावसायिकांच्या सुरक्षिततेसाठी राष्ट्रीय कृतिदल नेमले. त्याच वर्षी नोव्हेंबरात चेन्नईच्या एका सरकारी रुग्णालयात कर्करोगतज्ज्ञावर रोगिणीच्या मुलाने चाकूने वार केले. तमिळनाडूत २००८ पासून आणि महाराष्ट्रात २०१० पासून अशा हल्ल्यांविरुद्ध खास कायदे आहेत. या तीन घटनांची जात एक नाही. कोलकात्याची घटना हा सरळ अत्याचार होता. रात्रपाळीच्या स्त्री डॉक्टरला विश्रांतीसाठी सुरक्षित खोलीही नसावी, हे त्यातून उघड झाले. इतर घटनांच्या पाठीशी मात्र पुष्कळदा एक समान गोष्ट असते : रोग्याच्या माणसांना काय चालले आहे हे कोणी नीट सांगितलेले नसते. हल्ल्याचे समर्थन त्यामुळे होत नाही. पोलीस आणि कायदा यांची गरजही कमी होत नाही. परंतु पहारेकरी दारावर उभा राहू शकतो. रोगी आणि डॉक्टर यांच्यामध्ये तो उभा राहू शकत नाही. तेथे शब्दच लागतो.

शेवटचा बदल यंत्राचा. २०२० च्या मार्चमध्ये, महामारीच्या सुरुवातीस, दूरध्वनी व चित्रसंवादावरून रोगी तपासण्याची नियमावली देशात लागू झाली. २०२१ पासून प्रत्येक नागरिकाची आरोग्यनोंद संगणकावर एकत्र ठेवण्याचा राष्ट्रीय उपक्रम चालू आहे, आणि व्यक्तिगत माहितीच्या रक्षणासाठी २०२३ साली संसदेने कायदा केला. नेत्रवैद्यकात तर यंत्राने फार लांबचा पल्ला गाठला. मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर होणारे दुष्परिणाम छायाचित्रावरून ओळखण्यास संगणकाला शिकविता येते, असे २०१६ साली गूगलच्या संशोधकांनी दाखविले. त्या कामात मदुरैचे अरविंद नेत्र रुग्णालय आणि चेन्नईचे शंकर नेत्रालय यांनी दिलेल्या छायाचित्रांचा उपयोग झाला होता. १९७६ साली डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी अकरा खाटांनिशी अरविंद रुग्णालय सुरू केले होते. पैसे देऊ शकणाऱ्यांकडून ते घेऊन बाकीच्यांवर फुकट किंवा नाममात्र खर्चात शस्त्रक्रिया करावयाच्या, आणि महागडी आयात भिंगे परवडत नाहीत म्हणून १९९२ पासून स्वतःच भिंगे तयार करावयाची, अशी त्यांची रीत होती. जेथे रोग्यांच्या नोंदी पिढ्यान्‌पिढ्या काळजीने ठेवल्या गेल्या, तेथेच यंत्राला शिकविता आले, हे ध्यानात घेतले पाहिजे.

हीच यंत्रे थायलंडच्या ग्रामीण दवाखान्यांत प्रत्यक्ष वापरली गेली, तेव्हा मात्र वेगळाच अनुभव आला. खोलीत प्रकाश बरोबर नसला तर छायाचित्र चांगले येत नसे आणि यंत्र ते नाकारी. परिचारिकेला तेच काम पुन्हा करावे लागे आणि रोग्याला दूरच्या रुग्णालयात धाडण्याची पाळी येई. यंत्राची बुद्धी शाबूत होती; खोलीची खिडकी विसरली गेली होती. नव्या साधनाचे यश शेवटी त्या खोलीतल्या माणसांवर अवलंबून असते, हे यातून दिसते.

तात्पर्य, साधने बदलली, पैशाची वाट बदलली, डॉक्टरला जाब विचारणारे बदलले. या बदलांना अडविणे शक्य नाही, आणि त्यांपैकी पुष्कळ अडविण्यासारखेही नाहीत. विमा हवा, न्यायालय हवे, संगणक हवा. परंतु हे सर्व नोंदीचे दुसरे आणि तिसरे वाचक आहेत. पहिला वाचक रोगी आणि त्याचा पुढचा डॉक्टर हेच असले पाहिजेत. त्यासाठी मोठ्या क्रांतीची आवश्यकता नाही. काही साध्या गोष्टींची आहे. रोग्याच्या हाती दिलेल्या कागदावर त्याच्या भाषेत निदान दोन ओळी असाव्यात. भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ साली औषधांची नावे मूळ नावाने आणि सुवाच्य लिहिण्यास सांगितले. परंतु सुवाच्य इंग्रजीही तमिळ किंवा मराठी शेतकऱ्यास वाचता येत नाही. धन्वंतरी महालाने योग तमिळ पद्यात बांधले, ते यासाठीच. दुसरे असे, की उपचार लिहिला तसा परिणामही लिहावा, आणि चूक झाली तर ती शिक्षेच्या भीतीवाचून सहकाऱ्यांपुढे मांडण्यास रुग्णालयांत जागा असावी. आणि तिसरे, बोलण्यासाठी लागणारा वेळ हाही उपचार मानून त्याची किंमत शासनाने व विमा कंपन्यांनी द्यावी. डॉक्टरला दिवसाकाठी शेकडो रोगी पाहावे लागतील अशी व्यवस्था ठेवून त्याच्याकडून सौजन्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

सरस्वती महालात जतन केलेल्या त्या नेत्ररोग्यांच्या टिपणांचा हेतू कोणाची फी वसूल करणे हा नव्हता, की कोणाचा बचाव करणे हाही नव्हता. कोणा एका माणसाला दिसेनासे झाले होते, त्याला पुन्हा दिसावे म्हणून काय केले आणि काय झाले, एवढेच त्यांत लिहिले आहे. बाह्यरुग्ण विभागासमोर बसलेल्या त्या वृद्ध शेतकऱ्याच्या पिशवीतील कागदांतही एवढेच लिहिलेले असावे, आणि ते त्याला कोणीतरी वाचून दाखवावे. तंजावरला ही गोष्ट नवी नाही. ती फक्त पुन्हा सुरू करावयाची आहे.